पथारीवरचा खोकला

नंदुरबारच्या एका मिरचीच्या पथारीवर मी बारा वर्षं मुकादम होतो. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोठं उघडं मैदान. ओली लाल मिरची तिथे पसरून वाळवायची आणि बायांनी ओळीने बसून देठ खुडायचे. तिथे खोकत नाही असा माणूस नाही. कुणी खोकलं की मी मोठ्या शहाणपणाने सांगायचो, "मिरचीना ठसका शे, पानी पे." एवढी एकच डॉक्टरकी मला येत होती आणि ती मी सगळ्यांवर चालवायचो.

एका हंगामात मालकाने कामगारांच्या तपासणीसाठी आरोग्य खात्याच्या सिस्टरला बोलावलं. सातपुड्यातल्या पाड्यावरची, घरी भिली बोलणारी, अंगाने किरकोळ बाई. आमच्या बायांशी बोलता यावं म्हणून ती अहिराणी शिकली होती. तिने टीबीचा तक्ता टांगला आणि दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या म्हणून सांगितलं. बाया पदराआड हसल्या. इथे तर जन्माचा खोकला! मीही हसलो, आणि सगळ्यांत मोठ्याने हसलो. थुंकीसाठी आणलेल्या डब्या ती तशाच परत घेऊन गेली.

दुसरी कुणी असती तर रजिस्टरवर सह्या घेऊन मोकळी झाली असती. ही भलतीच चिवट. तिने मला एवढंच विचारलं, "मुकादमभाऊ, पथारीला सुट्टी कधी असते?"

मग दर सुट्टीला ती कामगारांच्या घरी जाऊ लागली, कधी जवळच्या कोरीट गावाला, कधी नंदुरबारातल्या मोहल्ल्यात. तक्ता नाही, उपदेश नाही. ओट्यावर बसायचं, घरच्या चार गोष्टी विचारायच्या आणि कान उघडे ठेवायचे. मिरचीपासून लांब असतानाही कोण खोकतं, ते ती ऐकत होती. ही युक्ती कळली तेव्हा मी तिला मनातल्या मनात हात जोडले. बारा वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

एका सुट्टीला ती कामगारांचे पत्ते घ्यायला माझ्या घरी आली. बायको चहा टाकत होती आणि खोकत होती. ती जन्मात पथारीवर गेलेली नव्हती. तरी आमच्याकडे त्याचं कारण ठरलेलं होतं, आणि तिने ते सांगितलंही. "यासना कपडास्मा मिरची ऱ्हास, ताई. तीच घशाले लागस." माझे कपडे ती वेगळे धुवायची आणि धुताना मला शिव्या द्यायची.

सिस्टरने चहा संपवला. मग म्हणाली, "वहिनी, पावसाळ्यात पथारी बंद होती. तेव्हा खोकला थांबला होता का?"

मी पावसाळा आठवून पाहिला. थांबला नव्हता. बायको किती वाळली होती, तेही मला त्याच दिवशी दिसलं.

तिला टीबी निघाला. घरातल्या सगळ्यांना तपासलं तेव्हा मलाही निघाला. माझ्या छातीचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले की माझं दुखणं तिच्याहून जुनं आहे, बहुतेक माझ्यापासूनच तिला लागलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको मात्र म्हणाली, "आते दोन्ही संगेच गोया खाऊ." दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या; सिस्टरने आमचं नाव कुठे फुटू दिलं नाही. मी मालकाला ताप आलाय म्हणून सांगितलं आणि महिनाभर घरी बसलो. लोक काय म्हणतील, याची मला रोगापेक्षा जास्त धास्ती होती.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी कामावर गेलो. दोन दिवसांनी सिस्टर पुन्हा पथारीवर आली. तिच्याबरोबर माझी बायको होती. मला न विचारता आली होती. ती बायांसमोर उभी राहून म्हणाली, "माले टीबी व्हयना. मी बी मिरचीनंच नाव लेत ऱ्हायनू. तपासी ल्या, लाज धरू नका."

एकीने विचारलं, "तुले कसा लागना वं? तू ते कधी पथारीवर उनी नही."

"काय माहीत, बाई," बायको म्हणाली. तिला चांगलं माहीत होतं. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मी वजनकाट्यापाशी उभा होतो. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण माझी अब्रू ती स्वतःच्या पदराखाली झाकत होती, ते मला सोसवेना.

"मन्हामुये व्हयना तिले," मी म्हणालो. "माले बी शे. आनि तुमले मी मिरचीना ठसकाच सांगत ऱ्हायनू."

कुणी हसलं नाही. सगळ्यांत वयस्क बाईने हातातली मिरची खाली ठेवली.

"माले एक डबी दे," ती सिस्टरला म्हणाली. "आनि एक मन्ही सूनले."