मथुराची बेस गिटार

मथुराचा कुणावर म्हणून विश्वास नाही. बेंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात ती औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासते, आणि शिफ्ट संपली तरी तिचे डोळे तपासायचं काही सोडत नाहीत. दूधवाला नेहमीपेक्षा जरा जास्त हसला की हिच्या मनात पाल चुकचुकलीच. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट घातली तर ही घरी येऊन जुडी सोडून पान न् पान बघणार. असल्या बाईला बेस गिटारचं वेड लागावं, हे नवलच म्हणायचं.

झालं असं, की एक नोव्हेंबरच्या कन्नड राज्योत्सवाला कारखान्यात ऑर्केस्ट्रा आला होता. सगळे गाणाऱ्या मुलीकडे बघत होते, आणि हिला मात्र गाण्याच्या तळाशी काहीतरी घुमतंय असं वाटलं. हे कोण करतंय म्हणून हिनं मान लांब करून शोधलं, तर मागं कोपऱ्यात चार जाड तारांची लांबलचक गिटार घेतलेला एक माणूस. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, पण तो मध्येच थांबला की गाण्यातला जीवच जायचा. त्या दिवसापासून मथुराला दुसरं काही सुचेना.

नवऱ्याचा भाचा शौर्य हॉस्टेलला जाताना आपली साधी गिटार मामा-मामीकडे टाकून गेला होता. सकाळच्या शिफ्टहून आली की मथुरा दार लावून घ्यायची आणि मोबाइलवर बघून वाजवायची. साध्या गिटारच्या जाड चार तारांचे सूर बेसचेच असतात, फक्त तेवढे खोल नसतात, हे तिला कळलं होतं. नवरा, गिरीराज, यायच्या आत गिटार परत कपाटामागं. त्याला कळलं तर तो हसेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चाळिशी उलटलेली बाई, आणि गिटार! म्हणून खरी बेस घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं शौर्यचं नाव पुढं केलं. पोराला वाढदिवसाला द्यायची आहे, त्याला आधी कळू द्यायचं नाही, माझ्या बोनसमधून देते, असं सांगितलं. गिरीराज बरं म्हणाला. लगेच बरं म्हणाला, म्हणून तिला त्याचाही संशय आला.

दोघं दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, साध्या गिटारच्या अँपला, म्हणजे आवाजाच्या खोक्याला, बेस जोडू नका, स्पीकर फाटेल. बेसचा वेगळाच घ्या, घरी सरावाला पंधरा वॅट पुरे. हिला वाटलं, वेगळा खपवायची युक्ती आहे. दुसऱ्या दुकानात गेली, तर तिथंही अक्षरशः तेच. मग दोघे दुकानदार आतून मिळालेले आहेत, असं तिनं ठरवून टाकलं. शिवाय बोनसमध्ये नवी गिटार बसत होती, तर अँप बाहेर राहत होता. शेवटी तिला जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत दोन्ही मिळून बजेटमध्ये बसणारं सापडलं. पत्ता येलहंक्याचा, विकणारा के. राव. इतकं स्वस्त म्हणजे पाणी कुठंतरी मुरत असणार, पण रविवारी दोघं गेली.

आता या घराण्यांची एक रीत सांगायला हवी. बेंगळुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेली ही मराठी माणसं बाहेर कन्नड बोलतात आणि खरेदीला गेली की आपसात मराठी. दुकानदाराच्या तोंडावर भाव ठरवायचा, मालाला नावं ठेवायची, चल निघू म्हणायचं, आणि समोरच्याला ओ की ठो कळत नाही. मथुराची आईही असंच करायची.

के. राव साठीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. आयुष्यभर लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, आता खांदा दुखतो म्हणून विकतोय, असं त्यानं कन्नडात सांगितलं. अँपचं एक बटण फिरवताना खरखरतं, साफ करून घ्या, हेही त्यानंच दाखवलं. मथुरानं गिटारची मान डोळ्यासमोर धरून वाक आहे का बघितलं, तिच्यावरचं एकेक घर दाबून आवाज फाटतोय का ऐकलं. काही सापडेना, तशी ती जास्तच अस्वस्थ झाली. बारका दोष दाखवून मोठा झाकतोय, ती गिरीराजला मराठीत म्हणाली. खांदा दुखतो म्हणे, मला तर चोरीचा माल वाटतोय. गिरीराज म्हणाला, जाऊ दे गं, पोराचं चार दिवसांचं खूळ. स्वस्त आहे तर घे, दोन महिन्यांनी जास्त भावानं विकून टाकू.

के. रावनं अँप बंद केला.

"अक्का, चोरीची नाही ती," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "आणि खांदा खरंच दुखतो."

मथुराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. के म्हणजे खंडोजी. त्याचीही पिढ्यान् पिढ्यांची मराठी, तोही बाजारात बायकोशी अशीच बोलणी करायचा. म्हणून तर गिऱ्हाईक मराठीत बोलायला लागलं की तो मुद्दाम गप्प बसायचा. आपली भाषा याला कळते हे समजलं, की माणसं खरं बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. विकून नफा खायला गिटार देणार नाही, हे त्यानं शांतपणे सांगितलं. पोराला घेऊन या, त्यानं समोर बसून स्वल्प वाजवून दाखवावं, मग बघू.

पोराला यातलं काही ठाऊकच नव्हतं. गिरीराज माफी मागून उठायला लागला. मथुरानं त्या गिटारकडे बघितलं. आता उठली तर गिटार गेली, आणि खरं सांगितलं तर गिरीराज हसणार.

"पोरासाठी नाही," ती म्हणाली. "मला हवी आहे."

तिनं गिटार मांडीवर घेतली आणि स्वतःच अँप सुरू केला. पहिला सूर पायांखालच्या फरशीत उतरला आणि ती दचकलीच. घरं साध्या गिटारीपेक्षा लांब लांब, तारा बोटांना कापत होत्या. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा राज्योत्सवात ऐकलेलं ते घुमणं सापडलं आणि ती सोडीना. कान मात्र सगळे गिरीराजकडे होते, हसू कधी फुटतंय म्हणून.

"सरी, घेऊन जा," खंडोजी म्हणाला आणि पिशवी आणायला आत गेला.

"मला का नाही सांगितलंस?" गिरीराजनं विचारलं.

"तुम्ही हसाल म्हणून."

"तुला कधी हसलो मी?"

मथुरानं आठवायला सुरुवात केली. ती स्कूटर शिकताना गटारात गेली, तेव्हा तो चिखलात उतरून स्कूटर ओढत होता. तिनं दहावीची परीक्षा दुसऱ्यांदा दिली, तेव्हा तो केंद्राबाहेर उन्हात उभा होता. दिराच्या लग्नात ती हॉलच्या पायऱ्यांवरून घसरली, सगळं वऱ्हाड हसलं, तेव्हाही हा वाकून तिची चप्पल शोधत होता. ती मागं मागं जात राहिली, पार लग्नाच्या दिवसापर्यंत. गिरीराज उत्तराची वाट बघत उभा होता, आणि तिला एकही दिवस सापडेना.