चकतीला शिवलेली खोळ

आमच्या वन्संना उघडी वस्तू बघवत नाही. दिसली की त्यांच्या गळ्यातली टेप तिच्याभोवती फिरलीच समजा. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ, आणि सायकलच्या सीटला तर उन्हाळ्याची वेगळी, थंडीची वेगळी. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या चष्म्याच्या डबीला खोळ शिवून दिली. डबी हीच मुळात चष्म्याची खोळ, तिला आणखी खोळ कशाला, हे अगदी जिभेवर आलं होतं. नवी होते म्हणून गिळलं. त्यानंतर मात्र काही गिळल्याचं मला आठवत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या आमच्याकडे राहतात की आम्ही त्यांच्याकडे, ते तुम्ही कोणाला विचाराल त्यावर आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. सोफ्यांच्या नि खुर्च्यांच्या खोळी, पडदे, उश्यांचे अभ्रे. एका भिंतीला कापडाचे तागे उभे, दुसरीला फोमचे तुकडे रचलेले, मधे कापायचं लांबलचक टेबल, त्यावर निळा खडू आणि उचलताना मनगट दुखेल अशी कात्री. गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं की वन्संचा आवाज असा खणखणीत लागतो की पलीकडचा चहावालासुद्धा सरळ उभा राहतो. मात्र शाळेचा विषय निघाला की तोच आवाज बारीक होतो. "मी बाई शाळेत नापास झालेली," हे कोणी विचारायच्या आधी त्याच सांगून टाकायच्या. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाल्या आणि वन्सं मशीनवर बसल्या, अशी ती गोष्ट होती.

गेल्या वर्षी शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेच्या मुख्य बाई दुकानात पडदे शिवून घ्यायला आल्या. वन्सं तेव्हा हाताखालच्या मुलीला खुर्चीच्या गोल पाठीला कापड कसं बसवायचं ते समजावत होत्या. बाई पडदे विसरून तेच बघत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे शिकवायला याल का? आमची एक जागा रिकामी होतेय." अट एकच होती, शाळेची शेवटची परीक्षा पास हवी. ती हल्ली बाहेरून देता येते, घरबसल्या, फोनवर, कॅमेरा सुरू ठेवून. वर्षातून एकदाच असते, आणि जागा काही पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती.

वन्सं हो म्हणून आल्या. मी तर पोळी तव्यावर विसरले.

अभ्यासाला जागा हवी म्हणून माझ्या लेकीने आपल्या टेबलाचा अर्धा भाग आत्याला दिला. लेक कॉलेजात आहे, आणि तिचं टेबल म्हणजे वायरींचं जंगल. लॅपटॉपची वायर, फोनची वायर, हेडफोनची, टेबल-दिव्याची, त्या चिमुकल्या पंख्याची, आणि एक वायर अशी की ती कशाची हे तिलाही माहीत नव्हतं, पण टाकून द्यायची छाती होत नव्हती. त्यात आता वन्संच्या फोनची भर पडली. पुस्तक उघडलं की त्याखालून एक वायर निघायची आणि पेन उचललं की दुसरी.

पहिल्या दिवशी वन्संनी पुस्तक उघडलं, वायरींकडे बघितलं, पुस्तक मिटलं, आणि सगळ्या वायरी फितीने बांधून काढल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वायरीला कापडाची नळी शिवली, लॅपटॉपची हिरवी, दिव्याची तांबडी. मग नळ्यांवर कुठली वायर कशाची त्याच्या चिठ्ठ्या शिवल्या. मग टेबलाच्या कडेला वायरी अडकवायला नाड्या. असं नमनालाच घडाभर तेल चाललं होतं आणि पुस्तकाचं पहिलं पान काही उलटत नव्हतं.

"वन्सं, नाचता येईना अंगण वाकडं," मी एकदा म्हणालेच.

"तुला काय जातंय बोलायला?" त्या म्हणाल्या. "गुंता दिसला की माझं डोकं चालत नाही. गुंतलेल्या दोऱ्याने कधी कोणी शिवलंय?"

शेवटी लेकीलाच दया आली. एक दिवस ती कॉलेजातून येताना वायरलेस चार्जर घेऊन आली. बशीपेक्षा लहान, काळी, चपटी चकती. फोन नुसता वर ठेवायचा, की तो आपोआप चार्ज होतो. वन्संचा फोन लेकीनेच वापरून दिलेला, त्यामुळे तोही त्या चकतीवर चालायचा. वन्संनी चकती उलटीपालटी करून बघितली.

"बिनवायरची म्हणालीस ना? मग ही शेपटी कसली?"

"आत्या, चकतीला वायर लागते गं. फोनला लागत नाही."

"म्हणजे वायर गेली नाहीच. नुसती सरकली."

"दोघींच्या दोन वायरींच्या जागी एक उरली ना! आणि ही चकतीलाच जोडलेली आहे, इकडेतिकडे जाणार नाही. फक्त फोन बरोबर मधे ठेवायचा. आणि फोनची खोळ काढून ठेवायची. मधे जाड काही आलं की चार्ज होत नाही."

फोन ठेवल्याबरोबर चकतीच्या कडेला बारीकसा हिरवा दिवा लागला. वन्संनी फोन उचलला, दिवा गेला. ठेवला, लागला. असं त्यांनी इतक्यांदा केलं की शेवटी लेकीने चकती काढून घेतली. मग ठरलं की दिवसा लेकीचा फोन आणि रात्री वन्संचा. हेडफोन, दिवा, पंखा यांचंही लेकीने काहीबाही करून वायरींचं काम संपवलं. लॅपटॉपची वायर ती दप्तरातच ठेवायला लागली. उरलेल्या जुन्या वायरी, घरातल्या इतर खोल्यांतल्यासुद्धा, वन्संनी एका थैलीत भरल्या, थैलीचं तोंड मशीनवर शिवून टाकलं आणि ती खुंटीला लटकावली.

"शिवलीत कशाला? नाडी घालायची," मी म्हणाले.

"आता कुठे लागणार आहेत? धूळ जायला नको."

टेबल एकदम मोकळं झालं. एक पुस्तक, एक वही, एक चकती. वन्सं खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मी चहा ठेवायला गेले तर हळूच म्हणाल्या, "आता टेबलावर काहीच नाही गं." मला वाटलं, खुशीत आहेत. आवाज मात्र त्यांचा तो बारीक होता.

पण मग त्या खरंच अभ्यासाला लागल्या. दुकानातून आल्या की हातपाय धुऊन टेबलापाशी. भूमितीत त्यांना कोणी हात धरू शकलं नसतं. वर्तुळाचा परीघ त्या नजरेनेच सांगायच्या, गोल स्टुलांना खोळी शिवण्यात जन्म गेलेला. बीजगणिताशी मात्र उभा दावा. "हा क्ष कोण आहे ते यांना ठाऊक असतं, मग आधीच सांगत का नाहीत? लपवाछपवी कशाला?" असं त्या पुस्तकाला विचारायच्या. लेक हसून गडाबडा लोळायची. मी दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घेते, तिथे सुन्न जबड्याचे लोक दिवसभर काय बोलतात ते मला कळतं, पण वन्संचं बीजगणित मलाही कळेना.

परीक्षेच्या दिवशी सकाळी हे कामासाठी परगावी होते, फोनची वायर घेऊन. लेक लवकरच कॉलेजला गेली होती, लॅपटॉप घेऊन. मी डबा भरत होते. वन्संनी ठेवणीतले कपडे घातलेले मी बघितले होते, आणि मग लेकीच्या खोलीतून काहीच ऐकू येईना. मी डोकावले. वन्सं टेबलापाशी उभ्या होत्या. हातात फोन, आणि फोनचा पडदा काळा.

"काय झालं?"

"बंद पडलाय."

"रात्रभर चकतीवर होता ना?"

"होता की."

मी टेबलाकडे बघितलं. चकती दिसतच नव्हती. तिच्या जागी एक देखणी, गोल, जांभळी गादी होती. कडेला सोनेरी किनार, मधे बारीक टाके, आत चांगला बोटभर फोम. हिरवा दिवा त्या गादीखाली गुडूप झालेला. फोनची पातळ खोळ मात्र आज्ञाधारकपणे काढून बाजूला ठेवलेली होती.

"हे कधी शिवलंत?"

"काल संध्याकाळी. उघडी बरी दिसत नव्हती. आणि चकती किती कडक आहे गं, फोनला जरा मऊ..."

"काल संध्याकाळी तुम्ही उजळणी करणार होता!"

मी ती गादी ओढून काढली आणि फोन उघड्या चकतीवर ठेवला. दिवा लागला. पण ती चकती चार्ज करणार गोगलगायीच्या चालीने, आणि परीक्षेत फोन समोर उभा धरायचा, चेहरा दिसला पाहिजे. चकतीवर आडवा ठेवून परीक्षकांना काय छत दाखवायचं? माझ्या फोनची पिन वेगळी, आणि परीक्षेची नोंदणी वन्संच्याच फोनवर. वायरच हवी होती, आणि त्यांच्या फोनला चालेल अशी घरातली एकूण एक वायर खुंटीवरच्या थैलीत होती, शिवलेली.

"थैली उसवा. वेळ आहे अजून."

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू. नशिबातच नसेल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. कारण त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. सुटल्यासारखं होतं. एवढ्या महिन्यांचा अभ्यास, लेकीची खटपट, माझे चहा, सगळं एका जांभळ्या गादीखाली!

"वन्सं, खरं सांगा. ही खोळ मुद्दाम शिवलीत का?"

बोलून गेले आणि जीभ चावली. वन्सं खुर्चीत बसल्या.

"मुद्दाम नाही गं. शप्पथ. पण सकाळी फोन काळा दिसला ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की माझीच मला भीती वाटली." मग त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मी नापास झालेच नव्हते."

"म्हणजे?"

"बसलेच नव्हते परीक्षेला. शाळेच्या फाटकापर्यंत गेले. आत सगळ्या मुली घडाघडा पाठ म्हणत होत्या, माझी पाचावर धारण बसली. तशीच मागे फिरले, बागेत बसून राहिले आणि पेपर सुटायच्या वेळी घरी आले. सगळ्या पेपरांना तसंच केलं. निकालाच्या दिवशी मीच सांगितलं, नापास. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, असू दे, प्रयत्न तरी केलास ना. तो हात मला अजून टोचतो बघ."

मला त्यांचा राग येत होता आणि गलबलूनही येत होतं, दोन्ही एकदम. एवढा खणखणीत आवाज, आणि त्याच्या तळाशी हे दडवून ठेवलेलं. जवळ घ्यावंसं वाटलं, पण घड्याळ समोर होतं. मी खुंटीवरची थैली काढली आणि त्यांच्या मांडीत टाकली. "मी कात्री आणते."

"कात्री नको," वन्सं एकदम म्हणाल्या. "वायर कापली जाईल. ब्लेड दे."

ब्लेड घेतलं आणि त्या उसवायला लागल्या. दुहेरी शिलाई, वर पुन्हा टीप. टाका टाका तोडत होत्या.

"एवढी पक्की कशाला घातलीत?" मी वैतागून म्हणाले.

"मला कच्ची घालता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्या सगळ्या गडबडीत आम्ही दोघी हसलो.

वायर चिठ्ठीसकट लगेच सापडली. पण ती आखूड, आणि सॉकेट जमिनीलगत. तेव्हा वन्सं ठेवणीतल्या कपड्यांसकट फरशीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून, फोन गुडघ्यावर उभा धरून. ज्या टेबलासाठी एवढा आटापिटा केला ते शेजारी लख्ख मोकळं होतं. फोनमध्ये जीव आला. मी दार ओढून घेतलं आणि दवाखान्यात कळवलं की मला उशीर होतोय, दुखऱ्या दाढांना जरा धीर धरायला सांगा.

मग मी दाराबाहेर स्टूल घेऊन बसले. आतून काही आवाज नाही. एकदा वन्सं स्वतःशीच "लबाड आहेस," असं पुटपुटलेल्या ऐकू आल्या, म्हणजे बीजगणित आलं असणार. मी उठून चहा टाकला, तो उतू गेला, शेगडी पुसली, पुन्हा येऊन बसले. मनात एकच होतं, दार मधेच उघडायला नको.

दार मधे उघडलं नाही. उघडलं तेव्हा वेळ पूर्ण संपलेली होती. वन्सं चौकटीला धरून उभ्या राहिल्या, पायाला मुंग्या आलेल्या, केस विस्कटलेले, आणि हातात अजून तो फोन.

"कसा गेला पेपर?"

"वाईट गं. भूमिती झाली, पण त्या क्षने पार वाट लावली. काय होईल सांगता येत नाही."

"असू दे, वन्सं," मी म्हणून गेले, "प्रयत्न तरी केलात ना."

म्हणाले आणि मला एकदम त्या हाताची आठवण झाली. काय बोलून बसले, असं वाटून मी त्यांच्याकडे बघितलं. वन्संचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी मान वर केली.

"हो," त्या म्हणाल्या. "केला."