मामांच्या मापाची वीणा

डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवणारा माणूस निजामाच्या साऱ्या मोगलाईत एकच होता आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा होता, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगेन. चौसाळ्यात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे. कुठलीही वस्तू दिसली की मामा आधी तिच्यावर बोटाने टकटक करून पाहत. दार, रांजण, धान्याची कणगी, बैलाची पाठ, काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एकदा गावात आलेल्या गिरदावर साहेबांच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "सायेब, कफ हाय छातीत. आवाज बसका येतोय," आणि साहेब त्या दिवशी जमीन पाहायची सोडून वैद्याकडे गेले. बहिणीला पाहायला आले तेव्हा तर मुलीकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी आमची तांब्याची घागर वाजवली, तिचा नाद विरेपर्यंत मान हलवत राहिले आणि म्हणाले, "घर भरल्यालं हाय. सोयरीक पक्की." माझी लेक घागरीनं उजवली, असं आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

असा हा नादाचा माणूस, आणि देवाने त्याला पोट दिले ते नगाऱ्याएवढे. एरवी त्याचे मामांना काही वाटत नसे, उलट मामींच्या हातची भाकरी खाऊन ते आनंदाने वाढवत. अडचण यायची ती सप्ताहात. मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की पहिल्या दिवशी जी वीणा गळ्यात चढते, ती सात दिवस जमिनीला टेकवायची नाही आणि मध्येच बदलायचीही नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने त्याच्या पाया पडून तीच आपल्या गळ्यात घ्यायची. पहाटेचा पहारा मामांच्या वडिलांपासून त्यांच्या घरात चालत आलेला. पण देवळातली वीणा अंगाने शिडशिडीत आणि आवाजाने किरटी. मामांच्या पोटावर ती आडवी व्हायची, तिचा भोपळा आभाळाकडे तोंड करायचा, आणि तार छेडायला मामा हात इतका वाकडा करायचे की पाहणाऱ्याचा खांदा दुखावा. एका साली ती घसरली आणि जमिनीला लागता लागता राहिली. तेव्हा पाटील त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, फुडल्या साली तुमी टाळ घ्या. पहाट दुसऱ्या कुनाला देऊ." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. बापाचा पहारा आपल्या हातून जाणार, हे त्यांना फार लागले.

मग त्यांनी एकच धोशा लावला. पोटावर नीट बसणारी आणि भरून बोलणारी वीणा पाहिजे. उमापूरला एका कीर्तनकारांकडे अशी वीणा आहे असे कळले, की मामा गाडी जुंपून उमापूरला. ती बसायची झकास, पण "आवाज उपाशी हाय" म्हणून मामा हात हलवत परत. दुसऱ्या एकीचा आवाज गोड, पण दांडी हनुवटीत टोचायची. शेवटी त्यांनी गोठ्याच्या छपरावर कडू भोपळ्याचा वेल चढवला आणि त्यातल्या एका भोपळ्याखाली चक्क मडके उपडे घातले, म्हणजे पोटासाठी त्याच्या पाठीला आपोआप खळगा पडेल! रोज सकाळी शिडी लावून मामा त्याला वाजवून यायचे. मामी खालून ओरडायच्या, "आवं, पोटची लेकरं बी कवा इतकी खेळवली न्हाईत तुमी!"

तो भोपळा वाळल्यावर आम्ही दोघे कडा गावावरून इंग्रजी मुलखात एका कारागिराकडे गेलो. त्याने भोपळा पाहिला, मग मामांकडे पाहिले, आणि काही न विचारता शिंप्यासारखी दोरी काढून पोटाचे माप घेतले. वीणा तयार झाल्यावर ती घेऊन परतताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायाने हटकले, "ये क्या है बे?" मामांनी वीणा गळ्यात घालून वाजवली. शिपाई बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "जाव मामू. आवाज पे महसूल नईं लगता."

सप्ताहाच्या पहिल्या पहाटे ती वीणा मामांच्या पोटावर अशी बसली, की जणू तिथेच उगवली होती. आवाज इतका भरदार की पाण्याला निघालेल्या बाया वेशीतच थांबल्या. पाटील सगळ्यांसमोर मामांच्या पाया पडले. मग पहारा बदलला आणि शाळेच्या पंतोजींनी वीणा गळ्यात घेतली. पंतोजी म्हणजे काठीला धोतर नेसवलेले. खळग्यात बसायला पोटच नाही म्हटल्यावर वीणा गर्रकन फिरली आणि तिने भिंतीकडे तोंड केले. गुरवाचे तेच, पाटलांचे तेच. बदलायची तर सोय नाही. "आना हिकडं," म्हणत मामांनी जवळजवळ सगळा सप्ताह एकट्याने उभ्याने काढला, आणि तोही हसत. पण शेवटच्या दिवशी त्यांची नजर पंतोजींवर गेली. पंतोजी खांबाला टेकून रिकामी बोटे हलवत उभे होते, नसलेली तार छेडत. मामांचे हसू मावळले. काल्यानंतर ते म्हणाले, "फुडल्या साली जुनीच हुबी करा. ह्या वीनेनं समद्यांचा पहारा खाल्ला. मी टाळ घेतो." मग पंतोजीच पुढे आले. "मामा, पहाट तुमचीच. जुनी तुमी गळ्यात घाला, मी खालून भोपळा धरतो." आणि पुढे कितीतरी वर्षं तसेच चालले.

नवी वीणा घरी खुंटीला लागली. एका संध्याकाळी मी गेलो तर मामा ओसरीवर बसलेले आणि समोर मामी उभ्या, वीणा गळ्यात घालून. मामींची अंगलटही मामांसारखीच, त्यामुळे ती त्यांनाही बेतल्यासारखी बसली होती. मामा गालावरचे पाणी न पुसता मला म्हणाले, "पाव्हनं, माज्या गळ्यात हुती तवा नुसती पोटात घुमायची. कशी वाजती ते आज समोरून ऐकलं. लई ग्वाड हाय हो." मामी लाजल्या, पण थांबल्या नाहीत.

इतका सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही. आता दोघेही नाहीत. वीणा बहिणीकडे आहे, ती रोज पुसून ठेवते. पण त्या घरातली पुढची सगळी माणसे अंगाने किडकिडीत निघाली, आणि ती कुणालाच बसत नाही.