चार बोटांचा झरोका

बेलापूरच्या अलीकडे आमची वस्ती. इथं आणि शेजारच्या पाच-सहा गावांत धुराड्याची चूल म्हटली की रंगनाथ मिस्तरी. माणूस मोठा हेकट. पाईप आढ्याच्या दोन हात वर गेलाच पाहिजे आणि चुलीच्या बुडाशी वाऱ्याला चार बोटांचा झरोका हवाच. "धुराला वर वाट, जाळाला खालनं वारा. एक नसंल तर दुसरं फुकट," हे त्यानं मला, त्याच्या शेजाऱ्याला, पन्नासदा तरी ऐकवलं असेल. निघताना घरच्या बाईला ठरलेली ताकीद: "रोज पोतेरं घालत जा. भेग पडू देऊ नगा, न्हाईतर धूर माघारी फिरंल."

अशा दोनशे चुली त्यानं बांधल्या, पण पेटवली एकही नाही. ते बायकांचं काम. आमच्याकडचे सगळेच पुरुष या बाबतीत शहाणे, मीही त्यातलाच.

त्याची बायको पुष्पावती खोकून खोकून अर्धी झाली, तेव्हा श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं. गॅस होता, पण चहापुरता. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. रंगनाथनं जीव ओतून तिच्यासाठी नवी चूल बांधली. वर्षभर तिला बरं वाटलं. मग पुन्हा धूर घरात कोंडायला लागला.

"पाईपातच खोट हाय," तो म्हणाला. त्यानं पाईप झाडला, हातभर वाढवला, वरची टोपी बदलली, पाईपावर झुकलेली लिंबाची फांदी तोडली. धूर तसाच. दोन वर्षं हा आपला छपरावर आणि मी खाली शिडी धरून. दोघंही वर बघत होतो.

या थंडीत दम कोंडून ती दवाखान्यात पडली. अंघोळ उरकून त्याला तिचा डबा घेऊन जायचं होतं, म्हणून पाणी तापवायला तो जन्मात पहिल्यांदा चुलीपुढं बसला. जाळ धरेना. फुंकायला वाकला, झरोका चाचपला, तर करंगळीसुद्धा आत जाईना.

तीन वर्षं रोज सकाळी पोतेरं, एक दिवस न चुकता. मातीच्या थरावर थर चढून झरोका बुजला होता. त्यानं खुरप्यानं खरवडला तसा भस्सकन जाळ झाला आणि धूर मुकाट पाईपातून निघून गेला. रंगनाथ तिथंच बसून ढसाढसा रडला. मी दारात होतो. मला त्याची कीव आली आणि रागही आला, त्याचा आणि माझाही.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली ती आता परत येत नाहीत. पुष्पावती घरी आली. चार पावलं चालली की धाप.

"चूल लई झ्याक पेटती आता. काय केलं वो?" तिनं विचारलं.

"पाईप झाडला," रंगनाथ म्हणाला. मीही मान डोलावली.

काल गेलो, तर ती भिंतीला धरत चुलीपर्यंत आलेली, हातात ओल्या मातीचं फडकं.

"ऱ्हाऊ दे गं," रंगनाथ म्हणाला.

"भेग पडलीया." ती शब्दाशब्दाला थांबत होती. "तुमीच सांगितलंय न्हवं?"

तिनं भेग लिंपली. मग झरोक्याच्या कडेवरून मातीचा हात मायेनं फिरवला.

ती अंथरुणावर आडवी झाली की रंगनाथ खुरपं घेऊन ओला झरोका खरवडतो. रोज. धूर आता घरात मुळीच नाही. तिची धाप मात्र मला रस्त्यावरही ऐकू येते.