चंपाबाईंनी मशीनला पाजलेलं पाणी

वडगावच्या चंपाबाईंच्या घरात पहिला मान पाण्याचा. दारात मीटर बघणारा येवो की सोयरिकीचा पाहुणा, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग काय काम ते विचारायचं. नवरा कल्लाप्पा साड्या विणायच्या मागावरून उठून आला की तोंडातून शब्द फुटायच्या आत त्याच्या हातात तांब्या असायचा. समोरच्याला तहान बोलून दाखवावी लागली तर घरातल्या बाईची अब्रू गेली, असं त्यांचं रोखठोक मत. आणि चंपाबाईंचं मत बदलायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटून घेणं.

साड्यांचं सूत चाक फिरवून कांड्यांवर भरता भरता त्यांचं उजवं मनगट कामातून गेलं. डॉक्टरांनी कपडे पिळणं-धोपटणं बंद केलं, आणि मागाच्या वंगणानं काळे झालेले कपडे सून स्वरूपाच्या गळ्यात पडले. त्यातच स्वरूपाला टिळकवाडीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी लागली. सोमवारपासून जायचं होतं. म्हणून मुलगा नागराज यानं धुण्याचं, वरून कपडे टाकायचं मशीन आणलं. सुनेनं बाहेर पडावं असं चंपाबाईंना मनापासून वाटत होतं. त्या स्वतः सातवीत पहिल्या आल्या होत्या आणि पुढचं आयुष्य कांड्यांच्या चाकापुढं बसून गेलं. ते त्यांना अजून बोचायचं.

पण मशीनमधून कपडे निघायचे ते मळकेच. स्वरूपा पुन्हा सगळ्या कॉलरी दगडावर घासत बसायची. शेवटी तिनं हात टेकले.

"आत्ती, मी वकिलांना न्हाय म्हणून कळवते. एवढं धुणं काढून सकाळची बस कशी गावायची?"

"काय कळवू नकोस. आधी मशीनवाल्याला बोलीव," चंपाबाई म्हणाल्या. रात्री मात्र त्यांना झोप लागली नाही.

पिरनवाडीचा नागेंद्र मशीन बघायला आला. त्याला गूळ-पाणी झालं. त्यानं मशीन उघडून पाहिलं, बिघाड काही सापडेना. "आक्का, रोज लावतासा तसंच लावून दावा," तो म्हणाला.

चंपाबाईंनी कपडे टाकले, बटण दाबलं. मशीन कोरडंच जरा इकडं फिरलं, थांबलं, जरा तिकडं फिरलं, गुरगुरलं. तशी चंपाबाईंनी शेजारची भरलेली बादली डाव्या हातानं उचलून आत ओतली. दुसरीला हात घातला तेव्हा नागेंद्रनं ती धरली.

"हे काय करालाय, आक्का?"

"पाणी मागालंय न्हवं ते. ऐकू येत न्हाय व्हय? कोरड्या घशानं कण्हालंय बिचारं. स्वरूपा भाकरी थापत असती, म्हणून मीच घालते."

स्वरूपा पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. हसावं की रडावं ते तिला कळेना.

नागेंद्रला मात्र हसू आवरेना. "आक्का, ते पाणी मागत न्हाय, वजन बघतंय. कोरडे कपडे जरा फिरवायचे, किती जड जात्यात, सोडल्यावर किती वेळ फिरत्यात, त्यावरनं पाणी किती घ्यायचं ते ठरवतंय. मग स्वतःच पाणी घेतंय. टबाच्या तळातनं एक बारकी नळी वर गेलीया. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाती, त्यावरनं पाणी कुठवर आलं ते त्याला कळतंय. तुम्ही मधीच बादल्या ओतलासा की सगळा अंदाज बिघडतोय. कपडे नुसते तरंगत बसत्यात, एकमेकाला घासतच न्हाईत. दगडावर धुताना कपडा बादलीभर पाण्यात तरंगत ठेवून घासलासा काय कधी?"

चंपाबाईंची नजर कोपऱ्यातल्या कांड्यांच्या चाकाकडं गेली. सुताची लड चढवायचा गोल फाळका लावला की त्याही आधी बोटानं एक हलका फेर द्यायच्या. रिकामा फाळका सहज फिरायचा आणि लगेच थांबायचा. भरलेला जड निघायचा, पण हात सोडला तरी फिरत राहायचा. सूत किती आहे ते बघावं लागायचं नाही.

"म्हणजे हे माझ्यागतच बघालंय की," त्या म्हणाल्या.

"व्हय, आक्का."

"आणि मी त्याच्या घशात वततीया. माझ्या बादलीपायी पोरीची नोकरी बुडाली असती की रं." त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

ते पाणी काढून टाकलं आणि नागेंद्रनं दुसरे कोरडे मळके कपडे लावायला सांगितले. मशीन कण्हायला लागलं तसे चंपाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले. थोड्या वेळानं पाणी आपसूक सुरू झालं. इतकं कमी, की त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता. पण कॉलरी स्वच्छ निघाल्या.

सोमवारी स्वरूपा डबा घेऊन बसनं कामाला गेली. चंपाबाईंनी मशीन लावलं, ते गुरगुरलं, आणि हात सवयीनं बादलीकडं गेलाच. बादली सुनेनं जाताना पालथी घालून ठेवली होती. चंपाबाई एकट्याच हसल्या.

संध्याकाळी स्वरूपा आली, चप्पल काढली आणि नेहमीसारखी सरळ स्वयंपाकघराकडं वळली. चंपाबाईंनी तिला उंबऱ्याशीच अडवलं. डाव्या हातात तांब्या होता, दुखऱ्या उजव्या हातात गुळाचा खडा. या घरात कामावरून आल्यावर हातात पाणी मिळायचं ते आजवर फक्त पुरुषांना.

"आत्ती, मी घेते की आत जाऊन."

"बस गं गप. दिवसभर काम करून आलीयास. माणसाची तहान वळखायला मला कुठली नळी लागत न्हाय."

स्वरूपानं अख्खा तांब्या संपवला. चंपाबाई दुसरा भरून आणायला आत वळल्या.