खड्ड्यातली गार हवा

चिखल्याच्या मँगनीज खाणीत अकरा वर्षं काढल्यावर धनीराम शहापूरला आला, तो यापुढे आभाळाखाली काम करायचं म्हणून. हायवेच्या कडेला त्यानं मोटार दुरुस्तीचं छप्पर टाकलं. गाडीखाली शिरायचा खड्डाही त्यानं जेमतेम छातीइतका खणला. जोडीदार टेकचंद चिडवायचा, "मामा, यात बकरीबी बुडणार नाही."

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात एका ठेकेदाराची एसीवाली अँबेसेडर आली. एसी गार करेना. धनीरामनं नागपूरहून एसीत भरायच्या गॅसचं मोठं सिलिंडर आणवलं. विकणारा म्हणाला होता, "पेटत नाही, वास नाही. बिनघोर वापरा."

गॅस भरून त्यानं नळी काढली. तेवढ्यात बायकोनं, रुखमानं, जेवायला हाक मारली. सिलिंडर खड्ड्याच्या काठाशीच राहिलं. टेकचंद गाडीखालचा चिखल खरवडायला आत उतरला.

धनीराम हात पुसत परतला तेव्हा खरवडण्याचा आवाज बंद होता.

"टेका?"

वाकून पाहिलं. टेकचंद गुडघ्यांवर मान टाकून बसला होता. खालून गार हवा धनीरामच्या तोंडावर आली. मागं सिलिंडरची बारीक सुरसुर चालली होती. चावी धनीरामनंच अर्धवट उघडी सोडली होती, आणि हवेहून जड गॅस खड्ड्यात साचला होता.

तो काठावरच थांबला. बंद विहिरीत पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, मग दोघांना बाहेर काढायला गाव जमतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. वास नसलेल्या हवेला तो खाणीतही सगळ्यांत जास्त भ्यायचा.

त्यानं चावी आवळली. "रुखमा, दोर आण. अन् घोंगडं."

शेजारच्या चहावाल्या भोजराजनं धावत येऊन गाडी ढकलून बाजूला केली. रुखमानं खड्ड्यात घोंगडं सोडून ते वरखाली हलवलं. विहिरीतली कोंडलेली हवा मोडायला डहाळ्या हलवतात, तसं.

धनीरामनं कमरेला दोर बांधला. "मी पडलो तं ओढजा. खाली कोणी येऊ नोका."

छाती भरून श्वास घेतला आणि तो उतरला. टेकचंदच्या काखेत हात घातले. ओठ निळे पडलेले. कानात धडधड वाढली, श्वास सुटू पाहत होता. वरून दोर ताणला गेला आणि दोघंही बाहेर आले.

उन्हात टेकचंद खोकला, ओकला आणि बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाला, "काहून ओढलं मामा? मस्त झोप लागली होती."

भोजराज हसला. धनीरामला कमरेची गाठ काही सुटेना. शेवटी रुखमानंच ती सोडली.