ड्युटी नसलेली बाई

समोरच्या माणसाने लांबण लावली की ताई डाव्या मनगटावर बोट टकटक वाजवायच्या आणि म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." मनगटावर घड्याळ असो वा नसो. आम्ही दोघी ट्रंक एक्स्चेंजमध्ये एकाच बोर्डावर बसायचो. परगावचे फोन तेव्हा आमच्यासारख्या बायका जोडून देत आणि दर तीन मिनिटांनी मध्ये तोंड घालून एवढंच वाक्य म्हणत. पलीकडे कुणी रडत असलं तरी म्हणावं लागे. ताईंच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की भाजीवाल्यापासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांनी ते कधी ना कधी ऐकलं होतं.

उंच, सडसडीत बाई. लग्न केलेलं नव्हतं. का, ते आम्ही विचारत नसू आणि त्या सांगत नसत. घाटकोपरला भाऊ, वहिनी, दोन भाचे, आणि भावाकडेच म्हातारी आई. ताई स्वतः मुलुंडला राहायच्या. मुलुंड म्हणजे गावाबाहेर असं लोक म्हणत असत, त्या काळात त्यांनी तिथे एक खोली-किचन घेऊन ठेवलं होतं. आम्ही त्यांना हसलो होतो.

शिफ्टच्या नोकरीचा एक फायदा बाहेरच्यांना कळत नाही. आमच्या वेळा घरच्यांना कधीच पाठ होत नाहीत. कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. त्यामुळे "ड्युटी आहे" म्हटलं की सगळे गप्प. बारसं, पाहुण्यांचा स्वयंपाक, कुणाला दवाखान्यात नेणं, सगळं त्या एका शब्दापुढे थबकायचं. सरकारचं काम, त्याला कोण काय बोलणार? लग्न न झालेल्या बाईच्या हातात तर तेवढंच एक शस्त्र. तुमच्याही घरात अशी एखादी आत्या किंवा मावशी असेल. आठवून बघा, तिची ड्युटी होती तोवर तिला कुणी काही सांगायला धजावत होतं का?

वीस वर्षं भरली की आपणहून निवृत्त होता येतं आणि पेन्शन मिळतं, हा नियम आम्हा सगळ्यांना माहीत होता. तो वापरायचा असतो हे फक्त ताईंना सुचलं. नोकरीला लागल्यापासून त्यांनी त्याचीच तयारी केली होती. सोनं केलं नाही, रिक्षा केली नाही, घराचे हप्ते फेडले, उरलेलं पोस्टात आणि युनिट ट्रस्टमध्ये टाकत राहिल्या. आम्ही चिक्कू म्हणायचो. चाळिशी नुकतीच उलटली होती तेव्हा एका सकाळी बोर्डावर येऊन त्या म्हणाल्या, "पोरी, मी सुटले."

"ताई, वेड लागलं का तुम्हाला? इतक्या लवकर?"

"लवकर कसली गं? आपल्या बोर्डावरच्या मोठ्या बाई अठ्ठावन्नला रिटायर झाल्या. भेटून आले परवा. नुसत्या झोपून असतात. मला झोपायला नाही, जागं राहायला रिटायर व्हायचंय."

निरोपाच्या दिवशी वडे आणि पेढे झाले. आमच्यातली एक फटकळ मुलगी त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, भावाकडे सांगू नका हां. मुलुंडला आपली काय मजा करायची ती करायची. घरच्यांना वाटू दे ड्युटी चालू आहे म्हणून. सांगितलंत तर वाट लागली समजा."

ताई हसल्या. "चोरी केली का मी? वीस वर्षं राबून कमावलंय. उजळ माथ्याने सांगणार." आणि त्याच संध्याकाळी घाटकोपरला पेढे घेऊन गेल्या. त्यांच्या आयुष्यातली ही एकच चूक मला माहीत आहे.

पण पुढची दोन-अडीच वर्षं! मी नाहूरला राहायचे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाणं व्हायचं. जाईन तेव्हा बाईंचं काहीतरी नवीन निघालेलं. एकदा भाड्याची सायकल घेऊन मैदानात कोपरं सोलून घेतलेली. एकदा गुजराती वर्तमानपत्र मोठ्याने वाचत बसलेल्या. शेजारच्या गुजराती बेन त्यांना अक्षरं शिकवत आणि बदल्यात ताई त्यांना पोहायला नेत. उजाडताना मागच्या डोंगरावर चढून यायच्या आणि खाली उतरल्यावर टपरीवर दोन कप चहा प्यायच्या, दोन्ही स्वतःच. "हा माझा, आणि हा पण माझा," असं टपरीवाल्याला सांगायच्या.

पोहणं हे मात्र खरं वेड. त्यांचं गाव मालवणकडचं, खाडीकाठचं. लहानपणी मुलगे पाण्यात उड्या टाकत आणि मुलींनी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचं. एकदा ताई गुडघाभर पाण्यात शिरल्या तर आईने ओल्या परकराला धरून घरापर्यंत ओढत नेलं होतं. पालिकेच्या तरणतलावात दुपारची वेळ बायकांसाठी होती. तिथे त्या कठड्याला घट्ट धरून शिकल्या. शिकल्या त्या शिकल्या, वर आपल्या मजल्यावरच्या चार बायकांनाही घेऊन गेल्या. चौघी पंजाबी ड्रेस घालून पाण्यात. एकीने मंगळसूत्र वाहून जाईल म्हणून दातांत धरलेलं. ताई पाण्यात उभ्या राहून ओरडत होत्या, "अहो, तोंड उघडा, नाहीतर श्वास कुठून घ्याल?" मी काठावर हसून हसून खाली बसले.

मला पोहता येत नाही. त्या दिवशी त्यांना पाठीवर तरंगताना पाहिलं. डोळे मिटलेले, कान पाण्यात. वीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडणाऱ्या त्या कानांना तेव्हा काहीच ऐकू येत नसणार. इतका सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मग घाटकोपरहून निरोप येऊ लागले. त्यांच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या बेनकडे यायचा. वहिनीचं ऑपरेशन आहे, आठ दिवस ये. भाच्याची दहावी आहे, दुपारचं त्याच्याजवळ बस. गॅस सिलिंडर येणार आहे, घरी कुणी नाही. प्रत्येक निरोपाचा शेवट एकच, "तू मोकळीच आहेस ना." ताई जायच्या. भाच्यांवर त्यांचा जीव होता. परतल्यावर मला म्हणायच्या, "अगं, नाही कसं म्हणू? सांगू काय त्यांना, की मला पोहायचंय?"

"सांगा की."

"हसतील गं."

त्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण. वाईट असता तर ताईंनी त्याला तिसऱ्या मिनिटाला तोडला असता. तो बिचारा कारखान्यातून थकून यायचा, बायको नोकरीला, जागा लहान, त्यात आईला विसर पडू लागलेला. गॅस तसाच सोडून खाली निघून जायची. एका रविवारी आईला आणि तिच्या ट्रंकेला घेऊन तो मुलुंडला आला. "ताई, तू दिवसभर घरीच असतेस," म्हणाला. ताईंनी दार पूर्ण उघडलं.

आईचं त्यांनी सगळं केलं, आणि हसतमुखाने केलं. डोंगर गेला, सायकल गेली, गुजराती पेपर वाचायचा राहू लागला. पोहणं मात्र सुटेना. आईला एकटं सोडून पोहायला जाते असं सांगायची हिंमत नव्हती. मग एक दिवस मला म्हणाल्या, "पोरी, मी आईला सांगितलं, ड्युटी आहे."

म्हातारीच्या डोक्यात लेक अजून नोकरीतच होती. दुपारी तिला जेवू घालून निजवायचं, ड्युटीवरची सुती साडी नेसायची, डब्याच्या पिशवीत टॉवेल कोंबायचा आणि निघायचं. उजळ माथ्याने पेढे वाटणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातून असं चोरून बाहेर पडावं लागत होतं, तासा-दीड तासासाठी. सांगताना त्या हसत होत्या. मला हसू आलं नाही.

काही महिने हे निभावलं. मग एका दुपारी म्हातारी झोपेतून उठली आणि मोरीच्या उंबऱ्यात पडली. ओरडली असणार, पण मजल्यावर ऐकायला कुणी नव्हतं. बेन आणि बाकीच्या बायका ताईंबरोबर तलावात होत्या. ताईंनीच त्यांना शिकवलं होतं ना.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ आला तेव्हा मीही तिथे होते. ताईंचे केस तोवर सुकलेही नव्हते. त्याने केसांकडे पाहिलं, पिशवीतल्या टॉवेलकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पोहायला, ताई? आईला एकटी टाकून?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ताईंनी पदराने केस पुसले.

त्यानंतर त्या तलावाकडे फिरकल्या नाहीत. आई अंथरुणावरच राहिली. तिला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं. बेन मात्र जात राहिल्या. एकदा मी जिन्यात उभी असताना त्या ओल्या केसांनी वर आल्या आणि ताईंचं दार बंद आहे ना ते बघून पाय न वाजवता पुढे गेल्या.

मी भांडले, कितीदा. "बाई ठेवा दोन तास. तुम्हाला परवडतं. एवढं साठवलंय कशासाठी?" त्या म्हणायच्या, "परक्या बाईच्या हातचं तिला चालत नाही गं. थोडे दिवस." त्यांच्याच पोटात दुखत होतं, तेही थोडे दिवस म्हणून अंगावर काढलं. डॉक्टरकडे जायचं तर आईजवळ कोण बसणार? गेल्या तेव्हा फार उशीर झाला होता. आईच्या आधी त्या गेल्या. आमच्या बोर्डावरच्या कित्येकजणींच्या नोकरीची अजून निम्मी वर्षंही झाली नव्हती आणि ज्या बाईने आयुष्य आधी मोकळं करून घेतलं होतं, ती संपलीसुद्धा. त्या आठवड्यात मी बोर्डावर बसून रडत जोडण्या देत होते.

महिन्याभराने म्हातारीला भेटायला गेले. भाऊ कुटुंबासकट मुलुंडलाच राहायला आला होता. त्याने दारातच मला थांबवलं. डोळे सुजलेले. "आईला सांगितलेलं नाही. झेपणार नाही तिला. ताई ड्युटीवर गेलीय असंच सांगतो आम्ही. तुम्हीही तेच सांगा."

म्हातारी खाटेवर, खिडकीकडे तोंड करून. मला ओळखलं की नाही, कोण जाणे. पण तिने माझा हात धरला. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "आजी, ताई ड्युटीवर गेल्यात."

तिने दाराकडे नजर टाकली. भाऊ आत गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. "ड्युटी खंयची गो? पोहूक गेली आसतली."

मी तिच्याजवळ वाकले.

"माका सगळा ठावक होता. तिच्या टॉवेलाक वास येय त्या पाण्याचो." तलावात पावडर टाकतात, तिचा वास. "मी गप रवलंय. म्हटला, पोहू दे. ल्हान असताना मीच तिका पाण्यातून वडून हाडलंय."

पुढे म्हणाली, "मगे मी पडलंय नि तिना जाणाच सोडल्यान. किती वेळा तोंडात इला, जा गो बाय, माका काय होणा नाय. पण बोललंय नाय."

मी तिचा हात चोळत राहिले. आता तिचा चेहरा एकदम उजळला होता.

"आज गेली ता बरा झाला," म्हातारी म्हणाली. "इली की सांगतलंय तिका. रोज जा म्हणान." मग खाटेची कड हाताने थोपटून तिने मला बसायला जागा दाखवली. "तू थांबतंस मा? येतलीच आता."

मी थांबते म्हणाले. दिवेलागणीपर्यंत दोघी दाराकडे बघत बसलो.